माझ्या छातीवरचे टाके

मी एक मेंढा बोलतोय. माझ्या शेपटीतल्या चरबीची शपथ घेऊन सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे जे डोळ्यांनी पाहिलं ते खरं. जे गाडीच्या डिकीत पडून ऐकलं ते निम्मं खरं. आणि मधे एकदा मला भुलीचं इंजेक्शन दिलं होतं, तेव्हाचं जे सांगेन ते तुम्ही आपापल्या जबाबदारीवर ऐका.

माझा जन्म कोचकोरच्या खोऱ्यात, शाम्बेत म्हाताऱ्याच्या कळपात झाला. आमच्यात जन्माचं कौतुक नसतं, वाटणीचं असतं. मी अजून आईचं दूध पीत होतो तेव्हाच माझी मागची मांडी कुठल्या पाहुण्याला आणि मुंडकं कुठल्या मानकऱ्याला, याच्या गप्पा माझ्या डोक्यावरून चालल्या होत्या. माझं मत कुणी विचारलं नाही. मीही दिलं नाही.

शाम्बेत म्हणजे खोऱ्यातला नावाजलेला कापणारा. मेंढ्याचं एकही हाड मोडायचं नाही, सांध्यातून सोडवायचं, ही त्याच्या लोकांची रीत, आणि त्या रीतीचा शाम्बेत स्वतःला मालक समजायचा. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला की जेवण झाल्यावर ताटातली हाडं गोळा करून उजेडात धरायचा. एखाद्या हाडावर सुरीचा घाव दिसला की त्या घरी परत पाऊल ठेवायचा नाही. निदान दुपारच्या चहापर्यंत तरी.

मग त्याला दम लागायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. एकदा घोड्यावर चढता चढता चक्कर येऊन पडला आणि वर घोड्यालाच शिव्या दिल्या. त्याची मुलगी बुरुल शाळेत भूगोल शिकवते. तिनं ठरवलं की आता घोड्याला पुरे झालं. शहरातले डॉक्टर तालुक्याच्या शाळेत पेशंट तपासायला येणार होते, तिकडे न्यायला तिनं बापाला गाडीत घातलं. मलाही मागे घातलं, कारण रिकाम्या हातानं डॉक्टरकडे जायचं नसतं.

मला खिडकीखाली बांधलं. खिडकी उघडी होती. म्हणून हा भाग पूर्ण खरा.

आत हृदयाचा आणि छातीचा सर्जन बसला होता, इलगिझ तोपचुबायेविच. नाव एवढं लांब की दारावरच्या पाटीवर मावत नाही, म्हणून सगळे नुसतं इलगिझ डॉक्टर म्हणतात. त्यानं यंत्रानं म्हाताऱ्याची छाती पाहिली आणि पडद्याकडे बघत बोलला, "अक्साकाल, तुमच्या हृदयाची एक झडप दगड झालीय. रक्ताला सुईच्या भोकाएवढी वाट उरलीय. असंच ठेवलं तर हा हिवाळा निघणार नाही."

अक्साकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा. आमच्याकडे म्हाताऱ्याला मान देऊन असंच बोलावतात आणि मग वाईट बातमी सांगतात.

"मग?" शाम्बेत म्हणाला.

"झडप बदलायची. छाती उघडायची, हृदय थांबवायचं, जुनी काढून नवी शिवायची, हृदय परत चालू करायचं."

"थांबवायचं ते ठीक आहे," शाम्बेत म्हणाला. "छाती कशी उघडणार?"

इथे इलगिझनं आयुष्यातली मोठी चूक केली. खरं बोलला. "मधलं हाड कापून. करवतीनं."

"करवतीनं."

"हो."

"हाड."

"बारीक करवत असते, अक्साकाल. विजेवर चालते."

"विजेवर चालली म्हणून हाड काय काकडी होतं का?"

"अता, अहो, ते डॉक्टर आहेत," बुरुल म्हणाली. आमच्याकडे बापाला अता म्हणतात.

"म्हणून तर विचारतोय. सांधा सापडत नाही तोच करवत काढतो. तुझ्या बारशाला एकानं कुऱ्हाड काढली होती, त्याच्याकडे अजून कुणी मुलगी देत नाही."

"मधल्या हाडाला सांधाच नसतो," इलगिझ म्हणाला.

"बघितलंस का कधी नीट?"

इलगिझनं ते हाड हजारो वेळा बघितलं होतं.

शाम्बेतनं टोपी डोक्यावर घातली. उंच, पांढरी, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची. ती घातली की बोलणं संपलं असं समजायचं असतं. दारातून म्हणाला, "बाहेर मेंढा बांधलाय, तुझ्यासाठीच आणलाय. कापून दाखव. हात बघतो तुझा. हात पटला तर छाती देतो. नाही पटला तर बर्फात मरेन, पण हाडं शाबूत ठेवून मरेन."

बुरुल डॉक्टरच्या मागे व्हरांड्यात धावली. "बायके, काहीही करा," ती हळू म्हणाली. बायके म्हणजे दादा. "त्यांच्याशिवाय मला कुणी नाही. आणि ते एकदा नाही म्हणाले की खोऱ्यातलं पाणी उलटं वाहील, पण ते हो म्हणणार नाहीत."

तर पंचाईत कळली ना? म्हाताऱ्याचा जीव माझ्या मरण्यावर टांगलेला. माझाही माझ्या मरण्यावरच टांगलेला, पण ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

शाळेच्या पटांगणात गाव जमलं. इलगिझच्या हातात सुरी दिली. तो माझ्यासमोर बसला आणि आमची नजरानजर झाली. मी काही केलं नाही. नुसतं बघितलं. मेंढ्याला दुसरं काय येतं?

हे पुढचं मला नंतर कळलं, पण आत्ताच सांगतो. या माणसानं जन्मात मेंढा कापला नव्हता. हजारो छात्या उघडल्या, पण प्रत्येक वेळी माणसाच्या अंगावर हिरवी चादर. मधे तळहाताएवढी फट. वर तोंड आहे, तोंडावर डोळे आहेत, हे त्याला कागदपत्रांवरून माहीत. माझ्या तोंडावर चादर नव्हती.

त्याच्या कपाळावर घाम आला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, मेंढा डॉक्टरला कापतोय की काय?"

तेव्हा इलगिझनं सुरी खाली ठेवली, गळ्यातली नळी कानाला लावली आणि तिचं दुसरं टोक माझ्या बरगड्यांवर टेकवलं. बराच वेळ ऐकलं. मग उठून, अगदी इस्पितळातल्या आवाजात म्हणाला, "हा मेंढा आजारी आहे. याच्या हृदयात आवाज आहे. तुमच्यासारखाच, अक्साकाल."

माझ्या हृदयात धडकीशिवाय काहीही नव्हतं.

पण रीत ती रीत. आजारी जनावर पाहुण्यासाठी कापत नाहीत. इलगिझला वाटलं, सुटलो. मलाही वाटलं. शाम्बेतनं दाढी चोळली, माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं झालं. मग आधी याला कर."

"काय?"

"ऑपरेशन. नदी ओलांडताना मी आधी एक मेंढा घालतो पाण्यात. तो पलीकडे निघाला की बाकीचे घालतो. याची झडप बदल. हा जगला तर मी तुझ्या फळीवर झोपतो. सगळ्यांसमोर सांगतोय."

सगळ्यांनी हात वर करून चेहऱ्यावरून फिरवले. म्हणजे आशीर्वाद देऊन झाला. आमच्याकडे आशीर्वाद दिला की प्रकरण परत उघडत नाहीत.

अशा रीतीनं मी डिकीतून राजधानीला गेलो.

इलगिझ चौथ्या मजल्यावर राहतो. मला बाल्कनीत ठेवलं, लोणच्याच्या बरण्या आणि जुन्या स्कीच्या मधे. संध्याकाळी त्याची बायको नुर्झामाल घरी आली. ती भूल देणारी डॉक्टर आहे. ऑपरेशनला तो छातीशी आणि ती डोक्याशी, म्हणजे पेशंटचं तोंड रोज तीच बघते.

"बाल्कनीत मेंढा का आहे?" ती म्हणाली.

"पेशंट आहे."

"तुझा?"

"झडपेचा."

तिनं पिशवी खाली ठेवली, बाल्कनीत आली, माझ्या छातीला कान लावला. "घड्याळासारखं चालतंय. तुझ्यापेक्षा बरं."

मग त्यानं सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग बसून हसली, मग एकदम थांबली. "म्हणजे तू निरोगी मेंढ्याची छाती फाडणार?"

"नाही गं. फक्त कातडी. वरचेवर. टाके दिसले पाहिजेत."

"म्हणजे खोटं."

"म्हणजे ऑपरेशनचा बाहेरून दिसणारा भाग. लोक नाहीतरी तेवढाच बघतात."

"आणि म्हाताऱ्याला कळलं तर?"

"म्हातारा जिवंत राहून माझ्याशी भांडला तर मला चालेल."

तिनं मला पाणी ठेवलं आणि शेजारणीला सांगून आली की पाहुणे आलेत, गावचे आहेत, रात्री ओरडतात.

त्या दिवसांत इलगिझ बाल्कनीत येऊन सिगारेट ओढायचा. दिवसभर लोकांना सिगारेट सोडा म्हणून सांगितल्यावर माणूस थकतो. ओढता ओढता मला स्वतःची कहाणी सांगायचा. वर्तमानपत्रात त्यानं छापून आणलंय की आजोबा डोंगरातले मोठे वैदू होते आणि हात वारशानं आलाय. मला मात्र खरं सांगितलं, कारण मेंढा मुलाखत घेत नाही. बाप ट्रॉलीबस चालवायचा. आई कारखान्यात कोट शिवायची. घरी राहिलेली कामं आणायची आणि पोराला शेजारी बसवून अस्तर टाचायला लावायची. टाका वाकडा गेला की उसवायचा, परत घालायचा. वारसा आला तो हा, पण कोटाच्या अस्तरातून सर्जन झाला हे छापून यायला बरं दिसत नाही.

पुढे सायबेरियात शिकायला गेला. तिथे मोठ्या सर्जननं त्याला पहिली काही वर्षं पेशंटचे पाय धरायला ठेवलं. अगदीच बढती मिळाली तेव्हा हृदय बाजूला धरायला दिलं. हात बसायचा कुठून? मग सुट्टीत घरी आला की बाजारातून ताजी हृदयं आणायचा आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर शिवत बसायचा. झडप काढायची, घालायची, काढायची, घालायची. नवं लग्न होतं. नुर्झामाल तीच हृदयं मग रश्शात टाकायची. सासूच्या वाटीत एकदा निळा दोरा निघाला, तेव्हापासून सासू त्यांच्याकडे फक्त चहा पिते.

"कुणाची हृदयं?" तुम्ही विचाराल. मेंढ्यांची. दुसऱ्या कुणाची बाजारात मिळतात?

म्हणजे बघा. ज्या हातांचं देशभर नाव, ते हात आमच्या घराण्यावर बसले. त्याच्या दिवाणखान्यात भिंतभर प्रमाणपत्रं आहेत, सोनेरी चौकटी, तीन भाषांतले शिक्के. एकावरही मेंढ्याचं नाव नाही. मी बाल्कनीच्या काचेतून सगळी बघितली.

ऑपरेशन गॅरेजमध्ये झालं. नुर्झामालनं सुई टोचली. नंतरचं अंधुक आहे. मला वाटतं मी एका हिरव्या कुरणावर उडत होतो आणि खाली सगळे सर्जन चरत होते. शपथेत हे धरू नका. जागा झालो तेव्हा छातीवरची लोकर गायब होती आणि गळ्याखालून पोटापर्यंत टाक्यांची एक सरळ रेघ होती. काय रेघ होती. कोटाचं अस्तरसुद्धा असं कुणी शिवत नाही. नुर्झामाल वाकून बघत म्हणाली, "खोट्या कामाला एवढा बारीक टाका कशाला?"

"सवय," तो म्हणाला.

पहिला बर्फ पडायच्या आत मला गावी आणलं. गाडीतून उतरवताच शाम्बेतचा कुत्रा माझ्यामागे लागला. त्यानं मला ओळखलं नाही. इस्पितळाचा वास येत असेल. मी जीव घेऊन टेकाडापर्यंत पळालो आणि परत आलो. दम लागला नाही. गाव बघत उभं होतं. मी पळालो कुत्र्यामुळे, श्रेय झडपेला गेलं.

शाम्बेतनं माझे टाके बघितले. हात लावला नाही, जखम कोवळी होती. नुसतं म्हणाला, "पथ्य काय याला?"

इलगिझ गांगरला. "पथ्य... तुमचंच राहील. चरबी बंद. मीठ बंद."

चरबीचं मला जमलं. स्वतःची शेपूट मी तशीही खात नाही. पण मीठ? ज्यांना मेंढ्यांची काही माहिती नाही त्यांना सांगतो, कुरणात मिठाचा दगड ठेवलेला असतो, दिवसभर चरून यायचं आणि तो चाटायचा. आयुष्यात तेवढंच सुख. त्या दिवसापासून सगळा कळप दगड चाटायचा आणि मला खुंटाला बांधून ठेवायचे. हृदयाचा पेशंट म्हणून.

"आणि याला कधी कापू नका," इलगिझ जाता जाता म्हणाला. "हाड पोलादी तारेनं बांधलंय. दात तुटतील."

त्या एका वाक्यासाठी मी त्याला मीठ माफ केलं. थोडा वेळ.

शाम्बेत शब्दाला पक्का निघाला. शहरात गेला. जाताना माझ्या कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाला, "तू उतरलास पाण्यात. आता मी."

त्या क्षणी मला बोलावंसं वाटलं. सांगावंसं वाटलं की बाबा, मी पाण्यात उतरलोच नाही, मला काठावरच नुसतं ओलं केलंय. पण मी मेंढा. तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

त्याचं ऑपरेशन मी पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. बुरुल दाराबाहेरच्या बाकावर बसून होती, तिनं नंतर नुर्झामालकडून ऐकलं, आणि मी बुरुलकडून, ती गाईचं दूध काढताना. हाड कापलं. हृदय थांबवलं, यंत्र रक्त फिरवत राहिलं. जुनी झडप काढली तर तिच्याभोवतीचा भाग खडूसारखा. टाका घातला की फाटायचा. एकदा सगळं शिवून झालं आणि परत उसवावं लागलं. नुर्झामालनं डोक्याशी उभ्या उभ्या नवऱ्याकडे बघितलं आणि तिला वाटलं, संपलं. त्यानं पहिल्यापासून परत सुरुवात केली, एकेक टाका, बारीक, आईनं शेजारी बसवलेल्या पोरासारखा. मग हृदय सोडलं. ते तसंच पडून राहिलं. मग एकदा हललं. मग चालायला लागलं.

ते काम खरं होतं. त्याच्याबद्दल आजवर एकाही माणसानं त्याला काही विचारलेलं नाही. वर चादर होती ना.

विचारतात ते माझ्याबद्दल. "मेंढ्याची झडप बदलणारा सर्जन" म्हणून त्याचं नाव झालं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, त्याचा बाजूला, लहान. एका परिषदेत त्याला भाषण करावं लागलं. पडद्यावर माझे टाके दाखवून तो इतक्या हळू आवाजात बोलला की लोक म्हणाले, किती नम्र माणूस. खोऱ्यातले छातीला घाबरलेले लोक आता आधी माझ्याकडे येतात. वाकून टाके बघतात, माझा श्वास मोजतात, मग शहराची गाडी पकडतात. त्यातले बरेच परत येतात आणि धडधाकट चालतात. म्हणजे मी निम्मा दवाखाना चालवतो, खुंटाला बांधलेल्या अवस्थेत.

वसंतात शाम्बेत परत आला. बारीक झालेला, पण चढावर न थांबता. त्याच्या छातीत नवी झडप टकटक वाजते. शांत असलं की कळपाला ऐकू येते. कोकरांना वाटतं म्हाताऱ्यानं घड्याळ गिळलंय.

मग कुरणात तंबू टाकून मोठी मेजवानी झाली. सगळं खोरं आलं, इलगिझ आणि नुर्झामाल मानाच्या जागी बसले. एका पाहुण्यानं माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हाच कापायचा होता. काम झालं की याचं."

शाम्बेत जागचा उठला. "तो माझ्या वॉर्डातला आहे," म्हणाला. पुढे चर्चा नाही.

दुसरा मेंढा कापला. माझा चुलतभाऊ होता, चावायचा, मला विशेष दुःख झालं नाही. त्याचं उकडलेलं मुंडकं ताटात घालून मानकऱ्यापुढे, म्हणजे इलगिझपुढे ठेवलं. मानकऱ्यानं कान कापून पोरांना द्यायचा असतो. इलगिझनं सुरी घेतली, ताटाकडे पाहिलं, ताटानं त्याच्याकडे पाहिलं. देशातला सगळ्यात मोठा हृदयाचा सर्जन पांढरा पडला आणि सरळ मागे उशीवर आडवा झाला.

शाम्बेत डोळे बारीक करून बघायला लागला. मेंढ्याचं मुंडकं बघून चक्कर येणारा माणूस मेंढ्याची छाती कशी उघडेल, हा हिशेब त्याच्या कपाळावर लिहिलेला मला दारातून दिसत होता.

बुरुल पटकन म्हणाली, "अता, त्यांच्या पेशंटचा सख्खा चुलतभाऊ आहे हा. कुणाला बघवेल?"

सगळा तंबू हळहळला. एका म्हातारीनं डोळे पुसले. पेशंटच्या नातेवाइकासाठीसुद्धा एवढं काळीज, असा डॉक्टर पुन्हा होणार नाही, असं ठरलं. नुर्झामाल नवऱ्याच्या तोंडावर पाणी मारत होती. तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं रडतेय.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी शाम्बेत कुरणात माझ्याजवळ येऊन बसला. सदऱ्याची बटणं काढून त्यानं स्वतःच्या छातीच्या हाडावरून अंगठा फिरवला. तिथे तारेच्या गाठी आहेत, कातडीखाली हाताला लागतात. मग तोच अंगठा माझ्या टाक्यांवरून फिरवला. वरून खाली. परत खालून वर. जन्मभर मेंढ्यांची हाडं चाचपलेला अंगठा. माझं हाड गुळगुळीत.

मी चरायचा थांबलो. आता सुरी येणार हे नक्की. नाहीतर हा शहरात जाऊन त्या माणसाची गचांडी धरणार.

फक्त म्हाताऱ्याची टकटक ऐकू येत होती. मग तो हसायला लागला, छाती दाबून धरून, कारण हसलं की अजून दुखतं. "टाका मात्र सरळ घातलाय लेकाच्यानं," म्हणाला.

इकडेतिकडे पाहिलं. बुरुल लांब होती. खिशातून मिठाचा एक खडा काढला, दातानं दोन तुकडे केले. एक स्वतःच्या जिभेवर ठेवला. दुसरा माझ्यापुढे धरला.

"तू कुणाला बोलायचं नाहीस," म्हणाला. "मी पण नाही."

तेव्हापासून रोज असंच. मी अजून खुंटाला आहे, अजून हृदयाचा पेशंट आहे, छातीवर लोकर परत आलीय पण टाक्यांची रेघ विंचरली की दिसते. माझं हाड गुळगुळीत आहे हे खोऱ्यात पसरलं तर लोक शहराची गाडी पकडायचं थांबवतील, आणि मी रश्शात जाईन. म्हणून म्हातारा गप्प आहे. मी मिठाला जागणारा प्राणी नाही, मीठ संपवणारा आहे, तरी मीही गप्पच होतो. आज तुम्ही भेटलात.

तर आता असं उभं राहू नका. गप्प बसायचं मीठ म्हातारा देतो. बोलायचं तुम्ही द्यायचं. खिसे बघा. बारीक असलं तरी चालेल, तळहातावर घ्या, मी चाटून घेईन. आणि बुरुल विचारेल, तर साखर होती म्हणा.